नानांची दोरी आणि परदेशातली घरची मॅच

"अगं, दोरी कुठंय?" नानांनी विचारलं.

"वाळत घातलीय," नानी आतून म्हणाल्या.

नाना एका पायात चप्पल घालून तसेच उभे राहिले. एकतीस वर्षांत त्यांनी ती दोरी गुंडाळली होती, उलगडली होती, खांद्यावर टाकून गावभर मिरवली होती, एकदा तापात उशाशी घेऊन झोपलेही होते. पण 'वाळत' हा शब्द त्या दोरीच्या वाट्याला कधी आला नव्हता. वाळायचं म्हणजे आधी भिजायला हवं, आणि ती दोरी कधी भिजू नये म्हणून नाना स्वतः भिजलेले होते.

"वाळत म्हणजे?"

"म्हणजे धुतली. उद्या परदेशात निघालात ना? ती चुन्याने माखलेली, मळकट दोरी खांद्यावर टाकून चार परक्या लोकांत उभे राहणार होतात? टीव्हीवर दिसणार म्हणे. मी म्हटलं, धुऊन द्यावी. सोडा घालून चांगली अर्धा तास उकळली. जा, बघा तरी. कशी पांढरीशुभ्र निघालीय."

नाना एकाच चपलेवर जिना चढले. मागून त्यांची मुलगीही धावली. ती शाळेत शिकवायची आणि घरात मध्यस्थी करायची, आणि दुसरं काम जास्त अवघड आहे असं तिचं म्हणणं होतं.

आता ही दोरी म्हणजे काय चीज होती ते आधी सांगायला हवं. नाना फुटबॉल क्लबाच्या मैदानाची आखणी करायचे. बाजूच्या रेघा, गोलापुढचे चौकोन, मधला गोल, पेनल्टीचा ठिपका, सगळं त्यांच्या हातचं. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांच्या उस्तादांनी लोखंडी पट्टीने मोजून ही साठ मीटरची सुती दोरी त्यांना करून दिली होती. तिला ठरावीक अंतरावर गाठी आणि गाठींना रंगीत चिंध्या. लाल गाठ अकरा मीटरवर, म्हणजे गोलापासून पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंत. हिरवी साडेसोळावर, म्हणजे मोठ्या चौकोनाची. त्या दिवसानंतर नानांनी टेप हातात धरला नाही. "टेपला आकडे असतात," ते म्हणायचे, "दोरीला इमान असतं." गावाने त्यांचं नाव दोरीनाना ठेवलं आणि ते त्यांनी पदवीसारखं लावलं.

दर वर्षी हंगामाच्या आधी लीगचे तपासनीस मैदान मोजायला येत. मोजत मात्र कधीच नसत. खुर्ची टाकून बसत, चहा पीत आणि विचारत, "नाना, दोरी लावली ना?" नाना म्हणत, "लावली." की झाली सही. सगळ्या लीगमध्ये असा मान दुसऱ्या कुणाला नव्हता, आणि नानांना तो पगारापेक्षा मोठा वाटायचा.

अशात लीगच्या मोठ्या साहेबांच्या डोक्यात आलं की आपल्या देशातल्या लीगच्या काही मॅच परदेशात खेळवायच्या. तिकडच्या लोकांनाही आपला खेळ दिसू दे. चिठ्ठ्या टाकल्या आणि त्यात नानांच्या क्लबाचं नाव निघालं. गावात एकच चर्चा. कोपऱ्यावरचा न्हावी तर चिडलाच होता. "घरची मॅच आणि घरापासून सहा तास विमानाने? उद्या म्हणाल दाढी परदेशात करतो, तोंड इथंच ठेवून जा." पण नियम स्पष्ट होता. मॅच कागदावर 'घरची' होती, त्यामुळे यजमान नानांचा क्लब, आणि मैदानाची आखणी यजमानांच्याच माणसाने करायची. मॅचच्या पुस्तिकेत कर्णधाराच्या नावाखाली चौथ्या ओळीत छापलं होतं, 'मैदान आखणी' आणि पुढे नानांचं अख्खं नाव. नानींनी ते पान शेजारी दाखवून दाखवून त्याची घडी फाडली होती.

शिवाय क्लबात नवीन सेक्रेटरी आले होते. तरुण, हुशार, कमी बोलणारे. त्यांच्या टेबलावर रेघा मारणाऱ्या मशीनचं रंगीत पुस्तक पडलेलं असायचं. "परदेशातली मॅच होऊ दे नाना, मग मशीनचं बघू," असं ते एकदा सहज म्हणाले होते. नानांना त्या 'मग'ची झोप उडेल इतकी धास्ती होती. परदेशात रेघ बिनचूक पडली तर दोरी राहणार, नानाही राहणार. चुकली तर दोघांनी घरी बसायचं, आणि तेही बदनाम होऊन.

तर नाना गच्चीवर पोचले. दोरी खरोखरच पांढरीशुभ्र होती. दर रविवारी ते तिला जिन्याच्या दाराच्या कडीपासून ऊन दाखवायला ताणून बांधायचे, आणि लाल गाठ बरोबर पाण्याच्या टाकीच्या नळावर यायची. आज लाल गाठ नळाच्या अलीकडे थांबली होती. नानांनी मधल्या जागेत हात पसरून ठेवला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक पूर्ण वीत.

"आटली का हो बाबा?" मुलीने हळूच विचारलं.

"आटली."

"माझ्याकडे शाळेचा टेप आहे. एकदा मोजून बघू या का?"

"टेप माझ्या दोरीची परीक्षा घेणार?" नाना गरजले. "उद्या म्हणशील, बापाचं वय शेजाऱ्यांना विचारून येते. काही मोजायचं नाही. ताणायची."

ताणायचं म्हटल्यावर माणसं लागली. खालच्या मजल्यावरचे शिंपीमामा आले, कारण कपडा आटणं हा आपला विषय आहे असं त्यांचं मत होतं. "सुती माल उकळायचाच नसतो," त्यांनी येताच निकाल दिला. मग दोरीचं टोक कडीला आणि लाल गाठीच्या पुढची दोरी टाकीच्या नळाला बांधून मधोमध ओढायचं ठरलं. नाना, शिंपीमामा आणि मुलगी, तिघांनी टाचा रोवून जोर लावला. दोरी चार बोटं वाढली. शिंपीमामा म्हणाले, "अजून एक झटका." त्या झटक्यासरशी कडी जागेवर राहिली, दोरी जागेवर राहिली, आणि नळ मात्र टाकीतून उपटून तिघांच्या मधून पलीकडे गेला.

पुढची पंधरा मिनिटं अख्ख्या इमारतीचं पाणी गच्चीवर होतं. नाना टाकीच्या भोकाला पाठ लावून बसले होते, मुलगी प्लंबरला फोन करत होती, आणि शिंपीमामा "मी येतो" म्हणून जे गेले ते आलेच नाहीत. दोरी पाण्यात निवांत पडली होती. पाणी ओसरल्यावर नानांनी तिला उचलून पुन्हा वीत लावली. ताणून मिळवलेली चार बोटं ओली झाल्याबरोबर परत गेली होती. दोरी जिथे होती तिथेच आली होती.

नाना ओल्या कपड्यांनिशी खाली आले तेव्हा नानी दारातच उभ्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं, कारण सगळ्या इमारतीला कळलं होतं.

"अहो, मला वाटलं..."

"एकतीस वर्षांचं नाव," नाना म्हणाले, "अर्ध्या तासात उकळून टाकलंस."

नानी आत निघून गेल्या. एरवी त्या एका वाक्याला तीन परत देणाऱ्या बाई. नानांना तेवढ्यातच वाटलं की आपण जरा जास्त बोललो, पण दुरुस्ती करायची तर तोंड उघडावं लागतं, आणि ते त्यांना जमलं नाही. ते पुन्हा गच्चीवर प्लंबरच्या हाताशी जाऊन उभे राहिले. सकाळी निघताना नानींनी इस्त्रीचे कपडे आणि घडी घातलेली दोरी पिशवीत भरून दिली. नाना "येतो" म्हणाले. नानी "या" म्हणाल्या. पस्तीस वर्षांच्या संसारात इतका छोटा निरोप कधी झाला नव्हता.

विमानतळावर दोरी अडवली. तपासणीच्या माणसाने ती पिशवीतून काढली, आणखी काढली, काढतच राहिला. "ही कशाला?" त्याने विचारलं. "मैदान मोजायला," नाना म्हणाले. त्याने दोरीचा वास घेतला आणि वरिष्ठाला बोलावलं. वरिष्ठानेही वास घेतला. "साबणाचा येतोय," तो म्हणाला. मग सेक्रेटरीसाहेबांनी पुढे होऊन मॅचची पुस्तिका दाखवली, चौथ्या ओळीवर बोट ठेवलं, तेव्हा कुठे दोरीला आत सोडलं. मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंनी नानांकडे आदराने पाहिलं, आणि नानांना एरवी त्याचा आनंद झाला असता.

विमानात नाना सेक्रेटरीसाहेबांच्या शेजारी, उजवा हात पसरून मांडीवर ठेवून बसले होते. त्यांनी हिशोब पक्का केला होता. दोरी अकरा मीटरला एक वीत आटली, तर लाल गाठीपाशी एक वीत वाढवायची, हिरव्या गाठीपाशी दीड. कुणाला कळणार नाही. फक्त वीत मोजायचा हात सांभाळायला हवा.

"हाताला काही लागलंय का नाना?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. विश्रांती देतोय."

साहेबांनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

पुढच्या रांगेत कर्णधार बसला होता. त्याला सगळे दांडीबहाद्दर म्हणायचे. कामावर तो कधी गैरहजर नव्हता. पण घरच्या मैदानावर पेनल्टी मारली की त्याचा चेंडू गोलाच्या वरच्या आडव्या दांडीवर आपटायचा. एकदा नाही, अकरा वेळा. गंमत म्हणजे दुसऱ्यांच्या मैदानावर त्याच फटक्याला चेंडू अलगद दांडीखालून आत जायचा. लोक म्हणायचे घरच्या प्रेक्षकांपुढे याचे पाय लटपटतात. क्लबाने त्याला मनाच्या डॉक्टरकडेही पाठवलं होतं. डॉक्टरांनी वडिलांशी संबंध कसे आहेत म्हणून विचारलं. ते उत्तम होते. शेवटी घरच्या मॅचमध्ये आपण पेनल्टी घेणार नाही असं त्याने जाहीर करून टाकलं होतं, आणि तेव्हापासून तो मान खाली घालून चालायचा.

परदेशातलं मैदान पाहून नाना क्षणभर दोरीचं दुःखही विसरले. गवत इतकं सारखं की चालताना जपून पाऊल टाकावंसं वाटत होतं. मैदानाच्या प्रमुख एक बाई होत्या, नानांच्याच वयाच्या, रबरी बूट घातलेल्या, नखांत माती. त्यांच्या हातात तिपाईवर बसवायचं एक यंत्र होतं. त्यातून लाल किरण निघायचा आणि अंतर आकड्यात दिसायचं. त्या आपल्या भाषेत मोबाइलला सांगायच्या आणि मोबाइल नानांना त्यांच्या भाषेत सांगायचा, पण असा की जणू एखादे शास्त्रीबुवा आत कोंडलेत.

"माननीय महोदय," मोबाइल म्हणाला, "आपली कीर्ती ऐकून आहे. प्रथम खुंट्या रोवाव्या. चुना नंतर लावावा. नियमानुसार मी केवळ पडताळणी करीन."

इथे कुणी चहा पिऊन सही करणारं नव्हतं. नानांनी गोलाच्या रेघेपासून दोरी लावली, लाल गाठीपाशी पोचले, बाईंकडे पाठ केली, चप्पल नीट करायच्या निमित्ताने खाली वाकून झटकन एक वीत वाढवली आणि खुंटी रोवली. पायात बूट होते हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

बाईंनी यंत्र लावलं. कपाळाला आठी घातली. पुन्हा लावलं.

"क्षमस्व," मोबाइल म्हणाला, "आपले चिन्ह बावीस सेंटिमीटर दूर गेले आहे."

"दूर?" नाना म्हणाले. कमी भरण्याची भीती होती, जास्त भरण्याची नव्हती. "यंत्र बिघडलंय का विचारा."

बाईंनी पिशवीतून पोलादी टेप काढला आणि यंत्राच्या बाजूने अंथरला. अकरा मीटर बावीस. नानांनी खुंटी उपटली, वीत मनातून काढून टाकली आणि थेट लाल गाठीवर रोवली. यंत्र टुणकन वाजलं.

"अकरा मीटर शून्य," मोबाइल म्हणाला. "अभिनंदन."

नानांनी हिरवी गाठ लावली. यंत्र वाजलं. बाजूची रेघ लावली. वाजलं. मधला गोल आखला, बाईंनी चारी बाजूंनी यंत्र फिरवलं, चारही वेळा ते टुणटुणलं. बाईंनी टेप गुंडाळून पिशवीत टाकला आणि दोन्ही हातांनी नानांचा हात धरून हलवला. "एवढी इमानदार दोरी मी पाहिली नव्हती," मोबाइलने सांगितलं, आणि या वेळी तो शास्त्रीबुवांसारखा वाटला नाही.

आणि नाना गवतावर मटकन खाली बसले.

कारण डोकं चालायला लागलं होतं. उस्तादांनी दोरी लोखंडी पट्टीने मोजून दिली, तेव्हा ती बिनचूक होती. मग एकतीस वर्षं तिला रोज ओढली, ताणली, खुंट्यांना पिळे मारून कसली. ती बिचारी केसाकेसाने वाढत गेली आणि नाना तिच्याबरोबर. नानींनी उकळली आणि ती होती तेवढी झाली. म्हणजे आत्ता दोरी बरोबर होती. म्हणजे घरी ती चूक होती. म्हणजे घरचा पेनल्टीचा ठिपका वीतभर लांब होता, किती वर्षं कोण जाणे, आणि वर चढत जाणारा चेंडू त्या वीतभर जास्त अंतरात आणखी चढून दांडीवर आपटत होता. अकरा वेळा.

"महोदय, पाणी आणू का?" मोबाइलने विचारलं.

"नको," नाना म्हणाले. "ऊन लागलं." आकाशात ढग होते.

मॅचच्या दिवशी टीव्हीवाल्यांनी नानांचा फोटो घेतला, दोरी खांद्यावर, मागे पांढऱ्या रेघा. प्रेक्षकांनी त्यांच्यासाठी टाळ्याही वाजवल्या. नाव राहिलं होतं. कुणालाच काही कळलेलं नव्हतं. घरी गेल्यावर हळूच ठिपका वीतभर पुढे घ्यायचा की संपलं. नाना स्वतःला हे सारखं सांगत होते आणि तरी त्यांना बरं वाटत नव्हतं.

खेळ चांगला झाला. आपल्या पोरांनी परक्या आकाशाखाली असं काही मैदान गाजवलं की तिथले लोकही त्यांच्या नावाने ओरडायला लागले. पण गोल होईना. शेवटची पाच मिनिटं राहिली आणि नाना बसले होते त्या बाजूच्या गोलापाशी समोरच्या बचाववाल्याने आपल्या खेळाडूला पाडलं. पंचाने ठिपक्याकडे हात केला. पेनल्टी.

चेंडू ठिपक्यावर ठेवला गेला आणि पुढे कुणी येईना. सगळे दांडीबहाद्दराकडे बघत होते आणि तो गवताकडे. "घरची मॅच आहे," तो म्हणत होता. "घरच्या मॅचमध्ये मी मारत नाही. दुसऱ्याला द्या."

नाना बाकावरून उठले. हातात चुन्याचा डबा घेतला आणि पंचाकडे जाऊन खुणेने सांगितलं की ठिपका पुसट झालाय, एकदा गडद करतो. पंचाने मान डोलावली. नानांच्या शब्दाला मान होता, आणि त्या क्षणी त्यांना त्याची लाज वाटली. ते ठिपक्यापाशी गुडघे टेकून बसले.

"इकडे ये," ते कर्णधाराला म्हणाले. "डबा धर."

तो वाकला.

"ऐक. पुन्हा सांगणार नाही, तेवढी हिंमत नाहीये. तुझे पाय कधी लटपटले नाहीत. घरचा ठिपका वीतभर लांब आहे. माझी चूक. दोरी ताणली गेली होती आणि मी कधी मोजली नाही."

"काय म्हणताय नाना?"

"अकरा वेळा दांडी लागली ती माझ्यामुळे. इथला ठिपका बरोबर आहे. यंत्राने मोजलाय, टेपने मोजलाय. बाहेरच्या मैदानावर मारतोस तसा मार."

तो नानांकडे बघत राहिला. नानांना वाटलं आता हा डबा आपल्या डोक्यात घालणार, आणि घातला तर योग्यच. पण तो सरळ उभा राहिला, बऱ्याच महिन्यांनी मान वर करून, आणि म्हणाला, "सरका नाना, अंगावर चुना उडेल."

चेंडू दांडीच्या वीतभर खालून आत गेला. जाळं मागे ताणलं गेलं, आणि नाना चुन्याचा डबा पोटाशी धरून भर मैदानाच्या कडेला लहान पोरासारखे रडले. एक-शून्य. परदेशात, कागदावरच्या घरी, आपला क्लब जिंकला.

सगळे नाचत होते तेव्हा नानांनी सेक्रेटरीसाहेबांना शोधलं. ते कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बोळात एकटे उभे होते. नानांनी दोरी खांद्यावरून काढून त्यांच्यापुढे धरली.

"साहेब, एक सांगायचंय. आपलं घरचं मैदान चुकीचं आखलेलं आहे. बरीच वर्षं. बाजूच्या रेघांना नियमात सूट असते, पण पेनल्टीच्या ठिपक्याला नसते. तपासनिसांनी मोजलं नाही कारण त्यांचा माझ्यावर विश्वास, आणि मी मोजलं नाही कारण माझाही माझ्यावरच. तुम्ही मशीन आणा. माझं काही म्हणणं नाही."

साहेबांनी दोरी घेतली नाही. ते म्हणाले, "दोरी उकळल्यावर बरोबर झाली, म्हणजे आधी चूक होती. हो ना?"

नानांनी दोरी खाली घेतली. "उकळल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही गच्चीवर नळ बसवून घेत होतात, तेव्हा नानी ऑफिसात आल्या होत्या. पत्र देऊन गेल्या. ते वाचून मी इथल्या बाईंना फोन केला, की आखणी होताना प्रत्येक रेघ मोजून घ्या. बाईंनी परवा कळवलं, दोरी बिनचूक. मग बाकीचं गणित मलाही सुटलं."

"परवापासून माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलता का बघत होतो."

"आणि नसतो बोललो तर?"

"तर मशीन आणलं असतं आणि चालवायला दुसरा माणूस." साहेबांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. "आता मशीन येईल ते तुमच्या हाताखाली. रविवारी घरची मॅच आहे, खरोखर घरची. त्याआधी ठिपका पुढे घ्या, लीगला मी कळवतो. काय शिक्षा करतील ती क्लब भोगेल. आणि हे तुम्हाला दाखवू नका असं त्यांनी लिहिलंय, तेव्हा मी दाखवलं असं सांगू नका."

नानांनी चुन्याचे हात पँटला पुसले आणि कागद उघडला.

'साहेबांना नमस्कार. दोरी मी उकळली आहे, ह्यांनी नाही. परदेशात रेघ चुकली तर ती माझ्या नावावर लिहावी. ह्यांची रेघ एकतीस वर्षांत चुकलेली नाही, हे अख्खं गाव सांगेल. मशीन आणायचंच असेल तर आणा, पण ते ह्यांच्याच हातात द्या, ह्यांना मैदानावाचून करमत नाही. सध्या ते माझ्यावर रागावले आहेत. बरोबरच आहे. ह्यांचा राग लवकर चढतो पण उतरतोही, फक्त उतरला हे सांगता येत नाही, एवढाच दोष. पत्र ह्यांना दाखवू नये.'

नानांनी ते एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं. बोळाच्या त्या टोकाकडून पोरं त्यांच्या नावाने हाका मारत होती, फोटोसाठी, दोरी घेऊन या म्हणून. नाना हलले नाहीत. त्यांनी कागद उजेडाकडे धरला, तिरका करून पाहिला, एक डोळा मिटून पाहिला, मैदानावर रेघ तपासताना पाहायचे तसा. मग तो साहेबांच्या डोळ्यांपुढे नेला.

"बघा साहेब," ते म्हणाले, आणि पुस्तिकेतलं स्वतःचं नाव दाखवतानाही त्यांचा आवाज इतका भरून आला नव्हता. "कोरा कागद आहे. खाली रेघा नाहीत, काही नाही. आमच्या हिची एक ओळ वाकडी गेलेली नाही."